बॅटरी डिक्कीत हलवताना केबल कशी निवडायची

दोन तक्रारी घेऊन एक मारुती एस्टीम माझ्याकडे आली होती. सेल्फ मारला की इंजिन दमल्यासारखं अर्धा फेरा फिरायचं आणि थांबायचं, आणि क्लच अचानक जड झाला होता. बॉनेट उघडलं तर क्लच केबलचं काळं आवरण फुगून, वितळून आतल्या तारेला चिकटलेलं. मालक ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानावर घड्याळाविरुद्ध गाडी पळवण्याची स्पर्धा) खेळणारा मुलगा. आदल्याच आठवड्यात त्याने बॅटरी डिक्कीत हलवून घेतली होती. पॉझिटिव्हला बोटाएवढी जाड लाल केबल, जिथे तिथे नीट क्लिपा, काम देखणं. निगेटिव्ह डिक्कीतच बॉडीला बोल्ट केलेली. इंजिनकडे मात्र कोणी पाहिलंच नव्हतं. कंपनीच्या रचनेत बॅटरीची निगेटिव्ह केबल थेट गिअरबॉक्सवर होती. ती काढल्यावर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एकच गोष्ट उरली: करंगळीपेक्षा बारीक, गंजलेली जाळीची पट्टी. सेल्फच्या दीडशे अँपिअरना परत यायला वाट हवी होती, आणि ती त्यांनी क्लच केबलच्या पोलादी तारेतून काढली.

तेव्हापासून बॅटरी मागे न्यायची म्हणून कोणी विचारायला आलं की मी त्याला आधी निगेटिव्हची बाजू कागदावर काढायला लावतो. लाल केबल सगळे जाड घेतात. पण करंटला ती केबल ही निम्मी वाट आहे. बॅटरीतून निघून सेल्फपर्यंत जाणं आणि सेल्फच्या बॉडीतून, इंजिनातून, पट्टीतून, पत्र्यातून परत बॅटरीत येणं हा सगळा मिळून एक फेरा आहे. केबलचा आकार त्या संपूर्ण फेऱ्याच्या हिशोबातून ठरवावा लागतो.

आधी ठरवा, हलवायची का

१९५९ च्या मूळ मिनीत बॅटरी डिक्कीच्या तळात होती. माझदाच्या एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत ती डिक्कीत होती, बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांतही मागेच आहे. म्हणजे कल्पना मुळात वाईट नाही. पण या गाड्या आखतानाच तशा आखल्या गेल्या. आपण हलवतो तेव्हा आखणीही आपल्यालाच करावी लागते.

फायदा किती, तेही बघा. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण १० किलोची. गाडी ९०० किलोच्या आसपास असेल तर पुढचं जेमतेम एक टक्का वजन मागे जातं. त्यातून नव्या केबलचं तांबं, पेटी आणि पट्ट्या मिळून चारेक किलो वजन वाढतं. जिथे सेकंदाच्या दशांशासाठी भांडण आहे तिथे हे कामाचं. इंजिनजवळ टर्बो, मोठा एअर फिल्टर किंवा दुसरा रेडिएटर बसवायचा म्हणून जागा हवी असेल तर त्याहून कामाचं. रोज ऑफिसला जायच्या गाडीत नुसतं हौसेखातर करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन ठिकाणी मी सरळ नाही म्हणतो. डिक्कीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर त्याच्या शेजारी बॅटरी कधीही नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत निम्म्या चौकशा अशाच गाड्यांच्या असतात, म्हणून हे आधीच सांगतो. आणि ज्या नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असतो, म्हणजे स्टार्ट-स्टॉपवाल्या बहुतेक गाड्यांत, तिथे तो सेन्सर, त्याची सिग्नलची वायर आणि चार्जिंगचं सगळं गणित एकमेकांत गुंतलेलं असतं. ते काम केबल ओढण्याइतकं सोपं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीचा प्रश्न येतोच, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवा. उद्या विजेमुळे आग लागली तर हा बदल त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

सेल्फ किती ओढतो

सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे. सेल्फ मारल्याच्या पहिल्या क्षणी, मोटर अजून जागची हललेली नसताना, करंट एकदम उसळतो. १३०० सीसीच्या पेट्रोल गाडीत तो ४०० ते ५०० अँपिअरपर्यंत जातो. मोटर फिरायला लागली की तो दीडशेच्या आसपास स्थिरावतो. तीन सिलिंडरच्या ८०० सीसी इंजिनाला शंभर धरा. दीड-दोन लिटरच्या डिझेलला अडीचशे, थंडीत त्याहून जास्त.

अंदाजावर राहू नका, मोजा. क्लॅम्प मीटरने मोजायचं तर तो डीसी करंट मोजणारा हवा. दुकानात स्वस्तात मिळणारे बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या केबलवर शून्य दाखवतात. तसा मीटर नसेल तर साध्या मल्टीमीटरवरही भागतं. कंपनीची जुनी निगेटिव्ह केबल काढायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांच्या लगवर (बोल्टसाठी भोक असलेल्या धातूच्या टोकांवर) मीटरच्या पिना धरा, डीसी २ व्होल्टची रेंज लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज आधी काढून ठेवा. समजा केबल २५ स्क्वेअरची (म्हणजे तांब्याचा आडवा छेद २५ चौरस मिलिमीटर), ८० सेंटीमीटर लांब आहे. तिचा रोध ०.६२ मिलिओहम. मीटरवर ०.०९ व्होल्ट दिसले तर करंट झाला १४५ अँपिअर. ती जुनी केबलच तुमचा अँपिअर मीटर झाली.

लांबी सुतळीने मोजा

डिक्कीतल्या बॅटरीच्या जागेपासून सुरुवात करा. मागच्या सीटखालून, डाव्या दाराच्या उंबऱ्यावरून, डॅशबोर्डखालून, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) सेल्फपर्यंत सुतळी तशीच वळवत न्या जशी केबल जाणार आहे. मग ती सुतळी टेपने मोजा. नजरेने साडेतीन मीटर वाटणारी वाट एस्टीमसारख्या गाडीत पाच मीटरला भिडते. इंजिन माउंटिंगवर हलतं, त्यासाठी इंजिनकडच्या टोकाला एक सैल वळसा लागतो. तोही मोजमापात धरा.

किती व्होल्ट गमवायला परवडतात

माझी मर्यादा अशी: इंजिन फिरत असताना पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही बाजू, सगळे जोड धरून, मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचे नाहीत. सेल्फ फिरताना बॅटरीवरच साडेदहा-अकरा व्होल्ट उरलेले असतात. त्यातून वाटेत एक व्होल्ट गेला तर सेल्फचा वेग उतरतो आणि पुढच्या फ्यूज बॉक्सवरून चालणाऱ्या ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पंप, इंजेक्टरनाही कमी व्होल्टेज मिळतं. इंजिन फिरतं, पण लागत नाही.

आता केबलचे आकडे. लवचिक तांब्याच्या केबलचा एक मीटरचा रोध, २० अंश सेल्सिअसला:

१६ स्क्वेअर: १.२१ मिलिओहम
२५ स्क्वेअर: ०.७८ मिलिओहम
३५ स्क्वेअर: ०.५५ मिलिओहम
५० स्क्वेअर: ०.३९ मिलिओहम
७० स्क्वेअर: ०.२७ मिलिओहम
९५ स्क्वेअर: ०.२१ मिलिओहम

पाच मीटर लांबी आणि १५० अँपिअर धरले तर नुसत्या लाल केबलमध्ये १६ स्क्वेअरला ०.९ व्होल्ट जातात, २५ ला ०.५८, ३५ ला ०.४२, ५० ला ०.२९ आणि ७० ला ०.२. म्हणजे २५ स्क्वेअरने एकटीनेच सगळी मर्यादा खाल्ली. ३५ बसते असं वाटतं, पण अजून फ्यूज, जोड, इंजिनची पट्टी आणि पत्रा बाकी आहे. फ्यूजला ०.४ मिलिओहम, जोड आणि बॉडी मिळून ०.५ मिलिओहम, आणि निगेटिव्हच्या दोन तुकड्यांची एक मीटर केबल धरली तर ३५ स्क्वेअरचा पूर्ण फेरा सव्वाचार मिलिओहमला जातो, म्हणजे ०.६३ व्होल्ट. ५० स्क्वेअरचा तोच फेरा ३.२ मिलिओहम, ०.४८ व्होल्ट. म्हणून या गाडीला ५० स्क्वेअर.

तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीला शंभर अँपिअरवर ३५ स्क्वेअर ०.४२ व्होल्टमध्ये बसते, तिथे ५० चा खर्च नको. डिझेलला अडीचशे अँपिअरवर ७० स्क्वेअरही ०.६ व्होल्ट खाते. तिथे ९५ घ्या, किंवा ५० च्या दोन केबल समांतर टाका. दोन केबल वळवायला सोप्या जातात. मात्र दोघी सारख्याच लांबीच्या हव्यात आणि दोन्ही टोकांना एकाच बोल्टवर बसायला हव्यात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दुकानदार म्हणतो, "साहेब, १६ स्क्वेअर घ्या, गरम झाली तर पैसे परत." त्याचं खरं आहे, ती गरम होत नाही. हिशोब करून बघा: १५० अँपिअर पाच सेकंद वाहिले तर १६ स्क्वेअरच्या पाच मीटर तांब्याचं तापमान जेमतेम अडीच अंशाने वाढतं. हाताला कळणारही नाही. पण तेवढ्या वेळात सेल्फला ०.९ व्होल्ट कमी पोचलेले असतात. घराच्या वायरिंगमध्ये आपण केबल किती तापते यावरून आकार ठरवतो, कारण तिथे भार तासन्‌तास असतो. सेल्फचा भार काही सेकंदांचा. इथे तापमान बघून निर्णय घेणारा हमखास बारीक केबल घेतो.

दुकानात केबल ओळखणं

मी वेल्डिंग केबल वापरतो. तांब्याच्या केसासारख्या बारीक तारांची असते, म्हणून सहज वळते आणि इंजिनच्या हादऱ्यांनी आतून तुटत नाही. वरचं रबरी आवरण तेल आणि उष्णता सोसणारं घ्या, केबलवर 'एचओएफआर' असं छापलेलं असतं. वेल्डिंग केबलचं भारतीय मानक आयएस ९८५७ आहे, तो आकडाही आवरणावर शोधा. मोटारीसाठीच बनवलेली, १०५ अंशांपर्यंत टिकणारी बॅटरी केबल मिळाली तर उत्तमच. ती पातळ आवरणाची असते आणि उंबऱ्याखाली सहज बसते. घरच्या वायरिंगची जाड तारांची केबल मात्र नको.

आपल्या बाजारात ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही राजरोस विकली जाते, आणि गाडीतल्या ॲम्प्लिफायरच्या किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. दोन्ही वरून तांब्याच्या केबलसारख्याच दिसू शकतात. खिशात छोटा चाकू ठेवा. एक तार काढून खरवडा: आतपर्यंत लाल असेल तर तांबं, पांढरी निघाली तर नाही. दुसरी परीक्षा वजनाची. ५० स्क्वेअरच्या एक मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच ४५० ग्रॅम असतं, ॲल्युमिनियम असेल तर १३५ ग्रॅम. हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे ३५ स्क्वेअरची ॲल्युमिनियम केबल तांब्याच्या जेमतेम २१ स्क्वेअरइतकं काम करते.

आणि 'गेज' हा शब्द ऐकला की थांबा. अमेरिकन गेज वेगळं, आपल्या जुन्या दुकानांतलं ब्रिटिश गेज वेगळं. अमेरिकन ४ गेज म्हणजे २१ स्क्वेअर, २ गेज म्हणजे ३३.६, शून्य गेज म्हणजे ५३.५. किटच्या खोक्यावर ४ गेज लिहिलेलं असतं आणि आत आवरणच जाड निघतं. मागताना नेहमी स्क्वेअर एमएममध्येच मागा.

आता निगेटिव्ह

निगेटिव्हसाठीही पाच मीटर केबल पुढपर्यंत ओढायची का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पत्र्याची अखंड बॉडी असलेल्या, न गंजलेल्या गाडीत गरज नाही. पोलाद तांब्यापेक्षा साधारण आठपट वाईट वाहक आहे, पण तळाचा पत्रा बघा: १.३ मीटर रुंद आणि ०.७ मिलिमीटर जाड धरला तरी ९०० चौरस मिलिमीटरहून जास्त आडवा छेद. म्हणजे ११० स्क्वेअर तांब्याच्या बरोबरीचा, आणि त्यात उंबरे, छत धरलेलेच नाहीत. पत्रा स्वतः कमी पडत नाही. कमी पडतात ते पत्र्याशी केलेले जोड.

म्हणून तीन गोष्टी करा. बॅटरीपासून बॉडीपर्यंतची केबल लाल केबलच्याच आकाराची आणि अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. ती पातळ पत्र्यावर नको, दुहेरी पत्रा असलेल्या जागी, सीट बेल्टचा नसलेल्या बोल्टवर किंवा नवीन ८ मिलिमीटरच्या बोल्टवर बसवा. रंग आणि प्रायमर चकचकीत धातूपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून रंग मारा. आधी रंग मारून मग आवळलेला जोड कोकणात एका पावसाळ्यात वर येतो.

दुसरं, इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत त्याच आकाराची नवी केबल. एस्टीमच्या त्या मुलाकडून राहिलं ते हेच. शक्य तितकी सेल्फच्या बोल्टजवळून घ्या. जुनी पट्टीही राहू द्या.

तिसरं, बोलेरो, स्कॉर्पिओ, जिप्सी अशा वेगळ्या चासीच्या गाड्यांत बॉडी रबराच्या बुशांवर बसलेली असते. तिथे बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन आणि चासी ते बॉडी असे तीन जोड हवेत. जुन्या जिपांत चासीचे जोड इतके गंजलेले असतात की तिथे मी सरळ पूर्ण लांबीची निगेटिव्ह केबल टाकतो. अशा वेळी वरच्या हिशोबात लांबी दुप्पट धरा.

पुढचा जोडबिंदू

जुनी बॅटरी होती तिथे एक इन्सुलेटेड बोल्ट बसवा, झाकणासकट. मागून आलेली केबल तिथे येईल, आणि तिथूनच कंपनीच्या फ्यूज बॉक्सच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी जशाच्या तशा जातील. मूळ वायरिंगला कात्री लावावी लागत नाही, आणि बॅटरी उतरली तर बॉनेट उघडून तिथेच जंपर केबल लावता येते. डिक्कीचं कुलूप विजेवर चालत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

त्या बोल्टपासून सेल्फपर्यंतचा कंपनीचा तुकडा विसरू नका. तो बहुतेक वेळा १६ किंवा २५ स्क्वेअरचाच असतो. १६ स्क्वेअरचे ७० सेंटीमीटर म्हणजे ०.८५ मिलिओहम, १५० अँपिअरवर ०.१३ व्होल्ट. मागे ५० ची केबल टाकून शेवटी हा तुकडा तसाच ठेवला तर मर्यादेचा चौथा हिस्सा तिथेच गेला. तोही बदला.

फ्यूज आणि कट-ऑफ

कंपनीच्या बहुतेक गाड्यांत सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो, हे मला मान्य. पण ती केबल हातभर लांबीची, बॉनेटखाली असते. तुमची केबल आता माणसांच्या पायाखालून, सीटच्या रुळाशेजारून जाणार आहे. मागून धडक बसली, पत्रा दुमडून केबलवर बसला तर हजार-बाराशे अँपिअर गालिच्याखाली वाहतील. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच.

आकार कसा ठरवायचा? मेगा फ्यूज हळू उडणारा असतो: रेटिंगच्या दुप्पट करंटला त्याला १ ते १५ सेकंद लागतात, सहापट करंटला ०.१ ते १ सेकंद. १५० अँपिअरच्या सेल्फला २०० चा मेगा फ्यूज घ्या. पहिल्या उसळीचे साडेचारशे अँपिअर क्षणभरच असतात, त्यात तो टिकतो. आता शॉर्ट झाला तर? बॅटरीचा आतला रोध ६ आणि वाटेतला ४ मिलिओहम धरला तर १,२६० अँपिअर वाहतील, म्हणजे सहापट. फ्यूज एका सेकंदाच्या आत जाईल. "सारखा उडू नये" म्हणून ४०० चा घातला तर तोच शॉर्ट त्याला फक्त तीनपट वाटतो, तो कितीतरी सेकंद तग धरतो आणि तेवढ्या वेळात गालिचा पेटतो. बीएमडब्ल्यूने याच भीतीने मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलमध्ये अपघात होताच स्फोटक कळीने केबल तोडणारी योजना केली आहे.

रॅली किंवा ट्रॅकवर जायचं असेल तर कट-ऑफ स्विचही लागतो, आणि त्याने चालू इंजिनही बंद पडलं पाहिजे. इथे दोन टोकांचा साधा स्विच फसवतो. बॅटरी तुटली तरी अल्टरनेटर इंजिनला वीज देत राहतो, शिवाय बॅटरीचा आधार गेल्यामुळे त्याचं व्होल्टेज उसळून ईसीयू जळू शकतो. सहा टोकांचा स्विच आणि त्याच्यासोबत येणारा ३ ओहमचा रेझिस्टर घ्या. छोट्या संपर्कांची एक जोडी इग्निशन तोडते, दुसरी अल्टरनेटरची उरलेली वीज रेझिस्टरमधून अर्थला नेते. बाहेरची खूण एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमाप्रमाणे: पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, पाया किमान १२ सेंटीमीटर, आत लाल ठिणगी.

बॅटरी, पेटी आणि पकड

प्रवासी बसतात त्या पोकळीत साधी पाण्याची बॅटरी उघडी ठेवायची नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. एजीएम बॅटरी घ्या, जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. पेटी झाकणबंद हवी, आणि तिची नळी गाडीच्या बाहेर तळातून काढा. यूपीएसची सीलबंद बॅटरी मात्र घेऊ नका. ती तासभर थोडा करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फच्या झटक्याला नाही. आपल्या लहान गाड्यांच्या बॅटरीचे खांब बारीक असतात. पॉझिटिव्ह १४.७ मिलिमीटर, तर मोठ्या बॅटरीचा १९.५. केबलच्या टोकाची जुनी पकड नव्या खांबावर पॅकिंग घालून बसवू नका, योग्य मापाची नवी घ्या.

बॅटरी जागेवर धरून ठेवणाऱ्या पकडीसाठी एफआयएचा नियम मी रस्त्यावरच्या गाडीलाही लावतो: धातूची बैठक, इन्सुलेशन लावलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, किमान १० मिलिमीटरचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या पलीकडे ३ मिलिमीटर जाडीची, किमान २० चौरस सेंटीमीटरची प्लेट. गाडी उलटली तर दहा किलोचा दगड मागून डोक्यात येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

लग, क्रिम्प आणि वाट

लग टिनचा मुलामा असलेले तांब्याचे, केबलच्या मापाचे घ्या. '५०-८' म्हणजे ५० स्क्वेअरला, ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी. हातोडीने ठोकून किंवा व्हाइसमध्ये दाबून लग बसवू नका. षटकोनी डाय असलेलं हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल लागतं. पॅनेल बनवणाऱ्या कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात ते असतं, केबल तिथे नेऊन दाबून आणा. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात दहा मिनिटांचं काम आहे. नीट दाबलेला लग करवतीने आडवा कापून बघितला तर आत वेगळ्या तारा दिसतच नाहीत, एकसंध तांब्याचा तुकडा दिसतो. प्रत्येकाने एकदा तरी एक लग असा कापून बघावा, क्रिम्पवर विश्वास बसतो. नुसता सोल्डर नको. तो तारांमधून वर चढतो, तिथे केबल कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, पाणी आत जाणार नाही.

केबल गाडीच्या खालून नको, आतून न्या. डाव्या उंबऱ्याची वाट निवडा, पण सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. पेट्रोलच्या पाइपाजवळूनही नको. पूर्ण लांबीला कॉरुगेटेड पाइप घाला, दर वीतभर क्लिप द्या. फायरवॉलला भोक पाडल्यावर कड कानसीने गुळगुळीत करा, रंग लावा, आणि घट्ट बसणारं रबरी ग्रोमेट घाला. हा पत्रा चाकूसारखा असतो. आणि सीट परत बसवताना तिच्या बोल्टचं टोक खाली कुठे उतरतं ते हाताने चाचपून बघा. एकदा माझ्याच हातून सीटचा लांब बोल्ट केबलच्या पाइपाला टेकून बसला होता. बॅटरी जोडण्याआधी मीटरने बॉडीशी तपासलं म्हणून ते कळलं.

जोडणं आणि तपासणी

सगळं काम निगेटिव्ह सुटी ठेवून करा. ती सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. लाल केबलची दोन्ही टोकं सुटी असताना ती आणि बॉडी यांच्यामध्ये मीटरवर रोध मोजा. काहीही आकडा आला तर थांबा, केबल कुठेतरी पत्र्याला लागते आहे.

मग खरी परीक्षा. मीटरच्या पिनांना पुढून मागे पोचतील इतकी बारीक वायर जोडा. मीटर करंट घेतच नाही, त्यामुळे ती कितीही बारीक चालते. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर धरा, पकडीवर नाही, खांबावरच, कारण पकडीचा जोडही मोजायचा आहे. काळी पिन सेल्फच्या बोल्टवर. पाच सेकंद सेल्फ मारा आणि आकडा लिहा. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन सेल्फच्या धातूच्या अंगावर धरून तसंच करा. दोन्हींची बेरीज ०.५ च्या आत हवी. जास्त आली तर एकेक जोडाच्या दोन्ही बाजूंना पिना धरत पुढे सरका. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष.

त्या एस्टीमला ही परीक्षा लावली तेव्हा पॉझिटिव्हला ०.३४ व्होल्ट पडत होते, निगेटिव्हला १.६. इंजिनपासून बॉडीपर्यंत ५० स्क्वेअरचे चाळीस सेंटीमीटर घातले, डिक्कीतला रंगावर आवळलेला बोल्ट घासून परत बसवला, आणि निगेटिव्ह ०.१२ वर आलं. क्लचला नवी केबल टाकली.

शेवटी इंजिन चालू करून, दिवे आणि ब्लोअर लावून बॅटरीच्या खांबांवर चार्जिंग मोजा. साधारण १४ व्होल्टच्या आसपास हवं. ७० अँपिअर वाहत असताना ५० स्क्वेअरमध्ये ०.१४ व्होल्ट पडतात, तेवढं चालतं. बॉनेटखाली 'बॅटरी डिक्कीत आहे' असा ठळक स्टिकर लावा, अपघातानंतर मदतीला आलेला माणूस आधी तिथेच बॅटरी शोधतो. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, आणि पहिला पावसाळा संपला की निगेटिव्हची ती मोजणी परत करून आधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.